म्हशीने प्यायलेली कृष्णा

"आता जे सांगतोय त्यावर तुमचा विश्वास बसायचा नाही," गुरव मास्तरांनी आधीच सांगून टाकलं. टेबलावर त्यांचं वाईच्या घाटाचं चित्र होतं, आणि त्यावर नाक टेकेल इतक्या वाकलेल्या परीक्षक बाबरबाईंच्या हातात 'नापसंत'चा शिक्का. तीन वर्षं चित्र प्रदर्शनातून असंच परत आलं होतं. यंदाही आलं तर मास्तर ब्रश कायमचे गुंडाळून ठेवणार होते.

"नदी कुठाय यात? नुसते निळे-पिवळे फराटे."

"तेच सांगतोय. पाण्यावर ऊन होतं तेवढ्या अर्ध्या तासात रंगवलं आणि वाळायला झाडाला टेकवलं. तर पलीकडच्या चिंचेखालची म्हैस उठली, तडक आली आणि चित्रातलं पाणी प्यायली. चांगलं बोटभर खाली उतरलं, बाई."

"म्हणजे म्हशीला नदी दिसली, आणि मला दिसत नाही?"

"ती लांब होती ना." मास्तरांनी चित्र उचलून भिंतीला टेकवलं. "त्या दारापाशी जा आणि डोळे किलकिले करून बघा."

शिक्का तसाच धरून बाई मागे सरकल्या, थबकल्या. पुन्हा जवळ येऊन त्यांनी फराटे निरखले, पुन्हा मागे गेल्या. असं तीनदा झालं. मास्तर श्वास रोखून त्यांच्या पावलांकडे बघत राहिले.

शेवटी दारातूनच बाई म्हणाल्या, "मास्तर, साफ थापा मारताय. पाणी पार वरच्या पायरीला लागलंय. थेंबभरसुद्धा कमी झालेलं नाही."