पस्तीस सेकंद

फोन चोरून ऐकण्याच्या आदेशात नऊ ओळी होत्या, दोन सह्या, एक शिक्का आणि एकच नंबर. नंबर मोठ्या रुग्णालयातल्या सफाई कामगार बायकांच्या पुढारणीचा. सगळ्या तिला मावशी म्हणत. उद्या सकाळी संप होणार हे साऱ्या गावाला माहीत होतं. किती वाजता, ते फक्त मावशीला. वेळ कळली की तासभर आधी बायकांना घरातूनच उचलायचं, असं वर ठरलं होतं.

टेलिफोन कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावर पोलीस खात्याचे साहेब दुपारी दोनपासून कानाला हेडफोन लावून बसले होते. आता साडेचार झाले होते.

"काय हो मॅडम, तुमचं यंत्र बिघडलंय, की या बाईनं मौन धरलंय?"

"यंत्र ठणठणीत आहे, साहेब," कंपनीची इंजिनिअर म्हणाली.

प्रत्येक कॉलला दोन वाटा असतात. एकीवरून बोलणं जातं. कोण कुणाला लावतंय, घंटी वाजली, कट झाला, हे संकेत दुसरीवरून. साहेब पहिल्या वाटेवर कान लावून होते. दुसरी तिच्या पडद्यावर रोजच दिसायची, नेटवर्क चालवायचं तर बघावीच लागायची. तिथे दोनपासून धांदल होती. मावशीचे दोनशे बारा कॉल, दोनशे बारा वेगवेगळ्या नंबरांना. एकही उचललेला नाही. प्रत्येक कॉल बरोबर पस्तीस सेकंद वाजून कट. घंटी पाच सेकंदांतून एकदा वाजते. तिने भागाकार केला. मग ताळा करून पाहिला.

"त्या पडद्यावर काय चाललंय?" साहेबांनी मान वळवली.

तिने पडदा भिंतीकडे फिरवला.

"संकेत आहेत. आदेशात 'संभाषण' लिहिलंय. संकेतांचा कागद वेगळा आणा, सही-शिक्क्यासकट."

"म्हणजे आता घंट्या मोजायला कोर्टात जाऊ? लोक हसतील हो!"

"हसू देत. कागदाशिवाय नाही दाखवणार."

"नोकरी जड झालीय वाटतं."

"नोकरीच करतेय, साहेब."

साहेब पडद्याच्या पाठीकडे बघत राहिले. तिने पडद्यावरचा हात काढला नाही.

"राहू द्या," ते शेवटी म्हणाले. "न उचललेले कॉल. घंटा कळणार आहे त्यातून!"

त्यांनी हेडफोन काढून टेबलावर टाकला आणि अहवालाचा कागद पुढे ओढला. "बोलली किती, ते सांगा."

"शून्य सेकंद."

त्यांनी तसं लिहिलं आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता रुग्णालयाच्या पहारेकऱ्याने फाटकाबाहेर उभ्या असलेल्या बायका मोजल्या. मावशी धरून दोनशे तेरा.