यानातली सून

सासरी सहा वर्षं जिच्याशी कुणी धड बोललं नाही, अशा सुनेवरची कादंबरी लेखिकेने प्रकाशकाकडे नेली. चार पानं चाळून त्याने ती मागे सरकवली. “बाई, हे घरोघरचं रडगाणं कोण वाचणार? लोकांना हल्ली अंतराळ लागतं.”

असल्या लोकांची हीच लायकी, असं पुटपुटत तिने आठवड्याभरात घराचं यान केलं, सासूला कप्तान केलं आणि सुनेला परग्रहावरची मुलगी. बाकी अक्षरही बदललं नाही. वर्षभरात पाच आवृत्त्या संपल्या.

सही घ्यायला आलेल्या एका बाईंचे तर डोळेच भरून आले. “एवढ्या मोठ्या यानात त्या परक्या पोरीशी कुणी बोलत नाही हो. इतकी दगडाच्या काळजाची असतात का माणसं? मला दोन दिवस जेवण गेलं नाही.”

त्यांच्यामागे एक मुलगी दोन्ही हातांत जड पिशव्या घेऊन उभी होती. लेखिकेने विचारलं, “यांनीही वाचलं का?”

बाईंनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

“ती होय? ती आमची सून. तिला काय कळतंय त्यातलं.”