थोरलीच्या कुंडीतलं बी

थोरल्या जाऊबाईंच्या गॅलरीत पांढऱ्या पट्ट्यांची लाल पिटुनिया ओसंडून फुलली होती आणि खालच्या मजल्यावर धाकटीचा जीव जळत होता. तिचा सख्खा नवराही चहा पिताना वरच बघायचा. एकदा थोरली बाहेर गेल्यावर धाकटीने तिच्या कुंडीतली दोन वाळकी बोंडं मुठीत लपवून आणली, बी पेरलं, रोपं तळहातावरच्या फोडासारखी जपली. पण संकरित रोपांची लेकरं आईवर जात नाहीत, हे तिला कुठे ठाऊक? फुलं आली ती धुरकट जांभळी, बिनपट्ट्यांची. चिडून रोपं उपटायलाच निघाली होती, तोच थोरली खाली आली. "अगं, हा रंग कुठून आणलास? नर्सरीत कधी दिसला नाही. बोंडं वाळली की मला दे हं." "देईन की, वहिनी." थोरलीची नजर फुलांवरून हटेना. ती वर जाताच धाकटीने एकूणएक हिरवं बोंड खुडून टाकलं.