धाकट्याची बोली

धाकट्याने घण आधीच आणून ठेवला होता. ट्रॅक्टर आपल्या नावावर झाला की तिथेच, सगळ्यांसमोर, त्याचा चुरा करायचा, हे त्याने लिलावाच्या आवारात शिरतानाच सांगून टाकलं. कोणी हसलं नाही. ज्या यंत्राने थोरल्या भावाचा जीव घेतला, ते दुसऱ्याच्या शेतात हिंडताना कोणाला बघवेल?

छोटा, जुना ट्रॅक्टर. भंगाराच्या भावात मिळेल असं त्याला वाटलं होतं. पण त्या दिवशी जुन्या यंत्रांनी भलताच भाव खाल्ला. गंजलेला पंप नव्याच्या किमतीला गेला. मळणीच्या एका छोट्या यंत्रावरून तर दोघा भल्या गृहस्थांनी एकमेकांची गचांडी धरली.

"जुन्याला एक पाना पुरतो," लिलाववाला ओरडून सांगत होता. "नवं बिघडलं की कंपनीचा साहेब येणार, कॉम्प्युटर लावणार, चहा पिणार आणि बिल देऊन जाणार. बोला, आज लाजायचं नाही."

मग त्याने ट्रॅक्टरवरची ताडपत्री ओढली. पुढची माणसं दोन पावलं मागे सरली.

थोरल्याची बायको बाजूला खुर्चीवर बसली होती. नवऱ्याला जाऊन महिना झाला होता. शेत धाकटा बघणार होता, ती पोरींना घेऊन माहेरी जाणार होती, म्हणून हे सगळं विकायला काढलेलं. बोली संपेपर्यंत ट्रॅक्टरला कोणी हात लावायचा नाही, एवढी एकच अट तिने घातली होती. आणखी कोणाचं रक्त तिला बघायचं नव्हतं.

"लपवून विकत नाही," लिलाववाला आवाज उतरवून म्हणाला. "सुरू करायला पुढून हँडल मारताना इंजिनाने उलटा झटका दिला. हँडल सुटून मालकाच्या कानशिलात बसलं. माणूस जागीच गेला. बाकी माल चांगला. टायर बरे आहेत, सीटखाली पत्र्याची पेटी आहे, अवजारं असतील."

"हँडल मारताना?" मागून एकाने विचारलं. "कोणी पाहिलं?"

हा टोपीवाला लांबून आलेला होता. सकाळपासून नुसते पंप चाचपत होता. ट्रॅक्टरकडे आत्ता कुठे वळला होता.

"मी पाहिलं," धाकटा म्हणाला. "दादा माझ्या मांडीवर गेला. काही म्हणणं आहे तुमचं?"

वहिनीने पदर तोंडाशी धरला. त्या दिवशी ती शेडमध्ये धावत पोचली, तेव्हा धाकटा रक्ताने भरलेलं हँडल हातात धरून हमसून हमसून रडत होता. ते त्याच्या मुठीतून सोडवायला दोन माणसं लागली. भावाची माया म्हणतात ती हीच, असं त्या दिवशी जो तो म्हणाला.

धाकट्याने पहिली बोली लावली. टोपीवाल्याने हात वर केला. धाकट्याने वाढवली. टोपीवाल्याचा हात पुन्हा वर.

लोकांना आधी गंमत वाटली, मग शिसारी आली. असतात म्हणे असे शौकीन, ज्यावर माणूस मेला ती वस्तू अंगणात मांडून ठेवणारे. बोली चढतच गेली.

"अहो पाहुणे, जरा तरी लाज बाळगा," कोणीतरी म्हणालं. टोपीवाला ट्रॅक्टरच्या तोंडाकडे टक लावून बघत होता. त्याने हात तेवढा वर केला.

धाकट्याचं डोकं फिरलं. तो गर्दीत घुसला आणि पहिल्याच ठोशात त्याने टोपीवाल्याचं नाक फोडलं. दुसऱ्यात दात. खाली पाडून बरगड्यांत लाथा घातल्या.

"माझ्या भावाच्या रक्ताचा बाजार मांडतोस?"

सोडवायला कोणी पुढे झालं नाही. खरं सांगायचं तर बहुतेकांना बरंच वाटलं. टोपीवाल्याने उलट हात उगारला नाही. चिखलात पडल्या पडल्या त्याने उजवा हात वर केला.

"आणखी एक बोली," लिलाववाला चाचरत म्हणाला.

धाकट्याने घण उचलला आणि त्याच्या दांड्याने त्या हातावर मारलं. बोटं मोडल्याचा आवाज खुर्चीपर्यंत ऐकू आला. आता मात्र चौघांनी धाकट्याला मागून आवळलं. टोपीवाल्याने डावा हात वर केला.

धाकट्याजवळचे पैसे संपले. त्याने मोटरसायकल बोलीत लावली, शेवटी आपल्या वाट्याची जमीनही लावली. लिलाववाल्याला रोकड हवी होती.

"पुरे करा, भावजी," वहिनी रडत म्हणाली. "तुमची माया सगळ्यांना दिसली."

लिलाववाल्याचा हातोडा टोपीवाल्याच्या नावावर पडला. एवढ्या पैशांत नवाकोरा ट्रॅक्टर येऊन वर नांगर आला असता. वहिनी उठली, टोपीवाल्यासमोर गेली आणि तिने त्याच्या रक्ताळलेल्या तोंडात एक ठेवून दिली. "हा काळ माझ्या डोळ्यांसमोरून घेऊन जा."

"जाणार कसे?" लिलाववाला म्हणाला. "यांचा हात तर कामातून गेला. हँडल कोण मारणार? मी नाही बाबा."

"हँडल लागत नाही," टोपीवाला म्हणाला. त्याने दात थुंकला, लंगडत ट्रॅक्टरपाशी गेला आणि डाव्या हाताने सीटखालच्या पेटीचं झाकण उघडलं. आत अवजारं नव्हती, बॅटरी होती. त्याने बटण दाबलं. इंजिन धडधडायला लागलं.

मग पुढे जाऊन, वाकून त्याने पत्र्यावरचा चिखल बाहीने पुसला. हँडल घालायचं भोक असतं, तिथे वेल्डिंगचा गोल डाग होता.

"त्यांचा खांदा दुखायचा, ताई. स्टार्टर मीच बसवून दिला, भोकही मीच बुजवलं. ते गेल्याचं मला इथेच कळलं. माझ्या गॅरेजमधून त्यांनी ट्रॅक्टर नेला त्याला महिना-सव्वा महिना होईल. म्हणाले, जुनं हँडल राहू दे, भिंतीला टांगतो."

चौघांनी धाकट्याला अजून धरून ठेवलं होतं. वहिनी त्याच्याकडे वळली.

"भावजी, मग त्या दिवशी तुमच्या हातात हँडल कशाला होतं?"