पायाखाली लक्ष

रियाध, जानेवारी १९९१. लेहहून लेकीचा, अवंतीचा फोन.

“उद्या निघतोय, आई. परत येईपर्यंत फोन नाही.”

“गोठलेल्या नदीवरून! माणसं रस्त्यानं चालतात गं.”

“रस्ता बर्फाखाली गेलाय. हिवाळ्यात इथे नदी हाच रस्ता.”

“आणि बर्फ फुटला तर?”

“काठीनं ठोकत जायचं. पोकळ वाजलं की थांबायचं. लक्ष हवं फक्त... आई, तिकडे कसला आवाज?”

“अँब्युलन्स. हॉस्पिटलच्या आवारात दुसरं काय वाजणार?”

“खरं सांग. मला सारखी तुमचीच काळजी लागलीय.”

“आमची काळजी करत बर्फावर चालू नकोस. पायाखाली बघ. आणि कानटोपी काढायची नाही, कितीही गुदमरलं तरी.”

“नाही काढत.”

क्षेपणास्त्रांच्या हल्ल्याचा भोंगा थांबत नव्हता. चिकटपट्ट्या लावून बंद केलेल्या खोलीत वीणाचा नवरा श्यामकांत स्वतः गॅस मास्क चढवून बसला होता आणि तिचा मास्क तिच्या तोंडापुढे नाचवत होता. पण मास्कमधून बोललं असतं, तर लेकीला आवाजावरून सगळं कळलं असतं.

वीणानं त्याचा हात बाजूला सारला.

“आणि हातमोजे? जास्तीचे घेतलेस ना?”