संत्र्यांची पेटी

गुडघ्याचं दुसरं ऑपरेशन झालं आणि जिम्नॅस्टिक्सच्या राष्ट्रीय संघाने रुईलानला घरी पाठवलं. नववर्षाच्या दुसऱ्याच दिवशी तिचे कोच फांगसर संत्र्यांची पेटी घेऊन दारात हजर!

"बघ, विसरले नाहीत हो तुला!" आईला आभाळ ठेंगणं झालं.

रुईलानने मात्र सहा वर्षांच्या धाकट्या बहिणीला, श्याओमानला आत ओढलं. "त्यांनी पाय ताणायला लावले की लगेच भोकाड पसरायचं. कळलं?"

"कळलं, ताई."

चहा पिऊन झाल्यावर सरांनी धाकटीचा हात खांद्यापासून बोटांपर्यंत वितीने मोजला. मग तिला पाय फाकवून जमिनीवर बसवलं आणि पाठीवर हात ठेवून खाली दाबलं. आणखी खाली. रुईलान श्वास रोखून किंकाळीची वाट बघत राहिली.

श्याओमान लालबुंद झाली, डोळे काठोकाठ भरले, पण ओठ काही उघडले नाहीत.

"पंधरवड्याने हिला घेऊन या," सर आईला म्हणाले.

श्याओमान लंगडत ताईपाशी आली आणि तिच्या कानात कुजबुजली, "मी ओरडणारच होते. पण टीव्हीवर तू कुठे ओरडतेस?"