पांढरीचं टेकाड

"लिंबं कशाला आणलीत?" द्राक्षबागेतून आलेल्या बाईनं माझ्या सायकलची पिशवी उघडून विचारलं. "गुप्तधन शोधणारेबी लिंबं घेऊनच आले होते. पांढरीचं टेकाड खणून गेले."

"मी निवृत्त शिक्षक आहे, ताई. उन्हात लिंबूपाणी लागतं. मला फक्त त्या टेकाडावरची तीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती बघायचीय."

"मग पिऊन दाखवा."

मी बाटलीतल्या पाण्यात लिंबू पिळून प्यालो आणि सायकल हातात धरून निघालो, तरी ती विळा घेऊन मागे आलीच. वाइनच्या द्राक्षांच्या बागा संपल्या, कोरडा माळ लागला आणि मग राखेसारखं पांढरं टेकाड दिसलं. त्या जुन्या लोकांनी आपली मेलेली लेकरं इथं मडक्यांत ठेवून पुरली होती. गुप्तधनवाल्यांनी त्यांतली दोन मडकी फोडली, तेव्हापासून ही बाई टेकाड राखत होती.

ती पदरानं घाम पुसत होती, तेवढ्यात मी नक्षीचं खापर उचलून हळूच खिशात टाकलं.

"काढा ते."

"गावातल्या मुलांना दाखवायचं होतं."

"मग मुलांनाच घेऊन या की, गुरुजी."

मी खापर होतं तिथं ठेवलं.

"आता दुसऱ्या खिशातलं."